बुजरा घोडा आणि त्याचा स्वार

घोड्याच्या बिघडलेल्या वागण्याविषयी मराठीत तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. घोडा अडतो, घोडा उधळतो आणि घोडा बुजतो. अडलेला घोडा पुढे पाऊल टाकत नाही. उधळलेला घोडा थांबत नाही. बुजलेला घोडा मात्र काहीतरी पाहून वा ऐकून एकाएकी दचकतो, बाजूला उडी घेतो, गर्रकन वळतो किंवा जागच्या जागी खिळून राहतो. रोज घोड्याशी काम पडणाऱ्या माणसांची ही भाषा होती. त्यांना हा फरक ठाऊक असणे भाग होते. आज घोडा आपल्या नित्याच्या जीवनातून गेला आहे. तो भेटतो तो लग्नाच्या वरातीत, माथेरान-महाबळेश्वरच्या सहलीत, सारंगखेड्याच्या यात्रेत, नाहीतर राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात. तेव्हा अडणे, उधळणे आणि बुजणे या तिन्हींना आपण 'खोड' हा एकच शब्द लावून मोकळे होतो, आणि खोडीवरचा उपाय म्हणून चाबकाकडे बोट दाखवतो.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो केवळ बुजणाऱ्या घोड्याचा. बुजणे ही खोड नसून भीती आहे, आणि भीतीवर मार हा उपाय होऊ शकत नाही, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. प्रश्न केवळ भूतदयेचा नाही. बुजलेल्या घोड्यावरून पडून स्वाराचे हाड मोडते, प्रसंगी जीवही जातो. इकडे घोड्याला 'खोडील' हे नाव पडले की तो एका हातातून दुसऱ्या हातात विकला जातो आणि प्रत्येक हाताबरोबर अधिक भित्रा होत जातो. एका गैरसमजाची किंमत अशी दोन जीव मोजत असतात.

१. घोडा का बुजतो?

घोडा हा उघड्या माळरानावर, कळपात राहून, गवत खाऊन वाढलेला प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नखे नाहीत. दुगाण्या झाडता येतात व चावता येते. पण त्याचे खरे शस्त्र म्हणजे पळ. जन्मल्यानंतर तास-दीड तासात शिंगरू पायांवर उभे राहते आणि लवकरच आईमागे धावू लागते. कारण पळता न येणारे शिंगरू रानात टिकले नसते. झुडूप हलले तर 'वारा असेल की वाघ असेल' याचा विचार करीत उभा राहणारा घोडा वाघाच्या पोटात गेला. आधी पळून मग मागे वळून पाहणारा घोडा जगला, आणि आजचे सर्व घोडे त्याचे वंशज आहेत. तेव्हा उडालेल्या कागदाला घाबरणारा घोडा मूर्ख ठरत नाही. हजारो पिढ्यांनी त्याला जे शिकविले तेच तो करतो.

त्याची ज्ञानेंद्रियेही याच कामासाठी घडलेली आहेत. घोड्याचा डोळा हा जमिनीवरील सस्तन प्राण्यांतील अगदी मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे, आणि तो डोक्याच्या बाजूला बसविलेला असल्याने मान न वळविता त्याला जवळजवळ ३५० अंशांतील हालचाल दिसते. दिसत नाही ती दोनच ठिकाणे : शेपटीच्या थेट मागची जागा आणि कपाळासमोरची, नाकाखालची थोडी जागा. म्हणून घोड्याकडे पाठीमागून जाऊ नये आणि एकदम कपाळावर हात नेऊ नये, असे जुने मोतद्दार सांगत. निळा आणि पिवळा रंग घोडा ओळखतो. तांबडा आणि हिरवा यांतील भेद त्याला नीट कळत नाही. अंधारात त्याला माणसापेक्षा चांगले दिसते. पण उजेडातून अंधारात जाताना त्याचे डोळे रुळण्यास माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. भर उन्हातून झाडांच्या गर्द सावलीत शिरताना किंवा तबेल्याच्या काळोख्या दारात घोडा थबकतो, त्याचे हे एक कारण आहे. आपल्याला तेथे सावली दिसते, त्याला कदाचित खड्डा दिसत असेल.

कानांचीही तीच गोष्ट. माणसाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला सुमारे ३३,००० कंपनांपर्यंतचा. परंतु आवाज नेमका कोठून आला हे ओळखण्यात घोडा माणसापेक्षा बराच कमी पडतो. आवाज येतो, पण त्याचे ठिकाण कळत नाही, ही अवस्था कोणालाही बेचैन करील. अंगावर बसलेली माशी घोड्याला कळते आणि तेवढीच कातडी थरथरवून तो तिला उडवतो. स्वाराचा पाय जेथे टेकतो त्या बरगडीच्या भागाची स्पर्शशक्ती माणसाच्या बोटाच्या टोकाहूनही सूक्ष्म असल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. अशा कातडीवर आपण दोन पाय दाबून बसतो आणि वर म्हणतो, 'घोडा विनाकारण चमकला.'

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काल जी वस्तू पाहून घोडा शांतपणे गेला, तीच वस्तू आज दुसऱ्या कोनातून दिसली तर तो पुन्हा बुजू शकतो. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या खेळण्याचा एक मोठा रंगीत संच घोड्यांच्या ओळखीचा करण्यात आला आणि मग तो फक्त फिरवून ठेवण्यात आला. घोड्यांनी त्याला नवी वस्तू पाहावी तशी प्रतिक्रिया दिली. जाताना न बुजलेला घोडा येताना त्याच दगडाला बुजतो, हा स्वारांचा जुना अनुभव आहे. त्यात ढोंग नाही. त्या बाजूने तो दगड त्याने पाहिलेलाच नसतो.

२. जुन्यांना ठाऊक असलेली गोष्ट

हे ज्ञान सर्वस्वी नवे नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने इ. स. पूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलेला ग्रंथ आजही वाचला जातो. घोडा एखाद्या वस्तूला घाबरला तर तिच्यात भिण्यासारखे काही नाही हे त्याला दाखवावे, स्वतः त्या वस्तूला हात लावावा आणि घोड्याला हलकेच तिच्याजवळ न्यावे, असा त्याचा उपदेश आहे. मारून पुढे ढकलल्यास भीती वाढते, कारण झालेल्या वेदनेचे मूळ ती वस्तूच आहे असे घोडा समजतो, हे कारणही तो देतो. आजचे प्राणिमानसशास्त्र याहून वेगळे सांगत नाही.

त्याच शतकातील अलेक्झांडर आणि ब्यूसेफॅलस यांची प्लूटार्कने सांगितलेली कथा सर्वांच्या ओळखीची आहे. १३ टॅलेंट किंमत सांगितलेला तो घोडा कोणालाही जवळ येऊ देईना. तो स्वतःच्याच सावलीला भितो आहे, हे एका मुलाच्या ध्यानात आले. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळविले, त्याला थोपटले, अंगावरचा झगा हळूच खाली टाकला आणि मग मांड टाकली. बसल्यावरही त्याने लगाम हिसकला नाही. घोड्याचा ताण उतरेपर्यंत थांबून मगच त्याला धावू दिले. पुढे इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढाई झाली, त्या सुमारास हा घोडा मेला आणि त्याच्या नावाने तेथे एक नगर वसविण्यात आले. कथेत अलंकार किती आणि इतिहास किती हा प्रश्न बाजूला ठेवू. सर्वजण घोड्याकडे पाहत होते, आणि त्या मुलाने घोडा कशाकडे पाहतो आहे ते पाहिले. तात्पर्य एवढेच.

आपल्याकडे शालिहोत्राचे नाव अश्वविद्येशी इतके जोडले गेले की तिला शालिहोत्र असेच म्हणू लागले. महाभारतातील विराटपर्वात नकुल 'ग्रंथिक' हे नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेत राहतो, आणि आपल्या हाताखालचे वाहन कधी भित्रे राहत नाही असे राजाला सांगतो. अश्वपालाची कसोटी त्याने कोणती सांगितली, हे पाहण्यासारखे आहे. वेगाची नव्हे, दिमाखाची नव्हे, तर निर्भयतेची. कल्याणी, म्हणजे आजच्या बसवकल्याण, येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अश्वपरीक्षा येते आणि घोड्यावर बसून खेळावयाच्या चेंडूच्या खेळाचेही वर्णन येते. काठ्यांच्या आणि टापांच्या गदारोळात घोडा बिनधास्त राहतो तो आपोआप नव्हे. त्यामागे कोणाचे तरी दीर्घ आणि शांत परिश्रम असतात.

३. घोडा स्वाराला वाचतो

कळपात एका घोड्याने कान टवकारले की बाकीचे मान वर करतात. एकाची भीती सर्वांची होते आणि एकाचा निवांतपणाही सर्वांचा होतो. स्वाराबरोबर एकटा बाहेर पडलेला घोडा कळपाला मुकलेला असतो. त्याचा कळप म्हणजे पाठीवर बसलेला माणूस. मग 'हे भिण्यासारखे आहे काय?' हा प्रश्न तो त्यालाच विचारतो, आणि उत्तर स्वाराच्या शरीरात शोधतो.

हे शोधणे किती सूक्ष्म असते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बर्लिनचा 'हान्स'. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ओस्टन यांचा हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे टापा वाजवून देई. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कसून तपास केला आणि १९०७ साली उलगडा प्रसिद्ध केला. घोड्याला गणित येत नव्हते. टापांची संख्या बरोबर आकड्यावर आली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, आणि ती हालचाल पाहून हान्स थांबत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. लोकांना यात फजिती दिसली. पण जी हालचाल माणसाला स्वतःची असून कळत नव्हती ती घोड्याला दिसत होती, हीच यातील मोठी गोष्ट आहे.

स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याहूनही बोलका आहे. माणसांना घोडा घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत चार फेऱ्या करण्यास सांगितले. काहींनी घोडा हाती धरून चालविला, काही घोड्यावर बसले. चौथ्या फेरीपूर्वी त्यांना सांगण्यात आले की या वेळी वाटेत एक छत्री उघडण्यात येईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही चौथ्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. छत्रीविषयी घोड्यांना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांना जे कळले ते माणसाच्या हातातून व मांडीतून.

म्हणून 'घोडा येथे हमखास बुजतो' असे मनात धरून त्या वळणावर येणारा स्वार स्वतःच घोड्याला बुजण्याची सूचना देत असतो.

४. शिकविण्यापूर्वी तपासावयाच्या गोष्टी

बुजरेपणावर मेहनत घेण्यापूर्वी घोडा निरोगी आहे ना, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. पाठीवर खोगीर रुतत असेल, दातांची धार गालाला लागत असेल, पोटात व्रण असतील किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर तो घोडा सतत सावध राहणारच. ठणकणाऱ्या अंगाला विश्वास शिकविता येत नाही.

दुसरी गोष्ट चंदीची आणि व्यायामाची. दाणा भरपूर आणि काम थोडे, असा घोडा उसळतो. 'भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला?' या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर 'न फिरविल्यामुळे' असे आहे. ते बुजण्यालाही लागू पडते. दिवसाचे तेवीस तास अगाडी-पिछाडीने जखडून ठेवलेला घोडा चोविसाव्या तासाला शहाण्यासारखा वागेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याला मोकळे फिरणे हवे, पोटभर वैरण हवी आणि दुसऱ्या घोड्यांचा सहवास हवा. या तीन गोष्टी मिळाल्या की पुष्कळ 'खोडील' घोडे आपोआप निवळतात.

५. जमिनीवरचे धडे

समजा, आपल्या हाती पाच वर्षांची एक चपळ पण अत्यंत बुजरी घोडी आली आहे. तिच्यावर लगेच बसण्याची घाई करू नये. विश्वासाचे पहिले धडे जमिनीवरच गिरवावे लागतात.

पहिला धडा जवळ जाण्याचा. तिच्याशी बोलत, तिच्या खांद्याच्या दिशेने, तिरक्या रेषेत जावे. तिने मान वर केली, कान रोखले की तेथेच थांबावे. मान खाली आली, तिने श्वास सोडला की एक पाऊल मागे यावे. जवळ जाणे म्हणजे दाब आणि मागे येणे म्हणजे सुटका. आणि घोडा जे शिकतो ते सुटकेच्या क्षणी शिकतो. शांत राहिले की माणूस दूर होतो, हे तिला उमगले की ती माणसाला जवळ येऊ देऊ लागते. उलट ती उडी मारून दूर झाली आणि त्याच क्षणी आपण माघार घेतली, तर उडी मारणे हाच धडा ती शिकेल. सुटकेची वेळ अचूक साधणे हीच चाबूकस्वाराची खरी विद्या. या नावात चाबूक असला तरी जाणत्याच्या हातात तो क्वचितच उठत असे.

दुसरा धडा स्पर्शाचा. मानेवर जोरात थापट्या मारून शाबासकी देण्याची रीत सर्वत्र आहे. घोड्यांच्या जगात मात्र थापटीला अर्थ नाही. घोडे एकमेकांची आयाळ जेथे संपते त्या खांद्यावरच्या उंचवट्याजवळ दातांनी खाजवतात. तेथे खाजविल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील संशोधकांना १९९३ साली आढळून आले. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला सुमारे २८ ते ४४ असतात. दचकताच ते क्षणात शंभरापलीकडे जाऊ शकतात. ते खाली आणण्याचे साधन आपल्या पाच बोटांत आहे. रोज सावकाश केलेला खरारा म्हणजे निव्वळ स्वच्छता नव्हे. तो ओळख वाढविण्याचा पाठ आहे.

तिसरा धडा भीतीच्या वस्तूंचा. आपल्या भागात घोड्याला काय काय भेटेल? उडणारी प्लॅस्टिकची पिशवी, कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, मोटारसायकलचा भोंगा, पावसाळी कोट, वरातीचा बँड. यांपैकी एकच वस्तू घ्यावी. प्लॅस्टिकचा कागद घेतला तर तो पहिल्या दिवशी घोडी पाहील पण बुजणार नाही इतक्या अंतरावर जमिनीवर ठेवावा. दुसऱ्या माणसाने तो ओढत घोडीच्या पुढे चालावे आणि आपण घोडीला घेऊन त्याच्यामागे जावे. भिण्याची वस्तू दूर चालली असली आणि आपण तिचा पाठलाग करीत असलो की घोड्याची भीती कुतूहलात बदलते. पुढे अंतर कमी करावे, घोडीला कागद हुंगू द्यावा, घडी करून तो तिच्या खांद्याला लावावा व लगेच काढावा, मग घडी एकेक करून उलगडावी. एका पायरीवर ती स्वस्थ झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. एका दिवसात किती पायऱ्या व्हाव्यात हे घोडी ठरवील. आपले घड्याळ ठरविणार नाही.

ही संथ रीत खरोखर उपयोगी पडते काय? डेन्मार्कमध्ये दोन वर्षांच्या २७ नरघोड्यांवर झालेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचे उत्तर देतो. त्यांना एका हलणाऱ्या पांढऱ्या पिशवीची सवय तीन पद्धतींनी लावण्यात आली. एका गटाला पूर्ण भीती पुन्हा पुन्हा दाखविली, दुसऱ्याला पायरीपायरीने, आणि तिसऱ्याला भीतीच्या वस्तूबरोबर खाऊ दिला. पायरीपायरीने शिकलेले घोडे सर्वांत कमी बुजले, त्यांना कमी पाठ लागले आणि त्यांतील एकही मागे राहिला नाही. इतर दोन्ही पद्धतींत काही घोडे शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. सावकाश जाणारा लवकर पोहोचतो, असा याचा अर्थ.

६. खोगिरावर बसल्यानंतर

आता घोडीवर बसू. तत्पूर्वी स्वतःच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी. डोक्यावर शिरस्त्राण असावे, पायात टाचेचा बूट असावा, म्हणजे पाय रिकिबीत अडकणार नाही. लगाम हाताला कधीही गुंडाळू नये. शिकाऊ स्वार आणि बुजरा घोडा ही जोडी जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीच असावी. आरंभी एखादा वयस्क, शांत घोडा सोबतीला घ्यावा. त्याचा निवांतपणा घोडीला स्वाराच्या शंभर सूचनांपेक्षा अधिक पटतो.

घोडी बुजेल अशी शंका आली की घाबरलेला स्वार नकळत पाच गोष्टी करतो. तो श्वास रोखतो, गुडघे आवळतो, लगाम आखडतो, पुढे वाकतो आणि त्या भीतीच्या वस्तूकडे टक लावून पाहतो. या प्रत्येक गोष्टीचा घोड्याच्या भाषेत अर्थ एकच : 'सावध! येथे धोका आहे.' त्यातच दोन्ही लगाम घट्ट ओढले गेले की, पळ हेच ज्याचे शस्त्र आहे त्याचा मार्गच बंद होतो. कोंडला गेलेला घोडा मग मागच्या पायांवर उभा राहतो किंवा उसळून पाठ उडवतो. जे साधे दचकणे होते त्याचा अपघात होतो.

म्हणून या पाचही गोष्टी उलट करावयास शिकले पाहिजे. श्वास सावकाश, ऐकू येईल असा बाहेर सोडावा. न साधल्यास घोडीशी बोलावे किंवा एखादे गाणे गुणगुणावे, कारण गाताना श्वास रोखता येत नाही. मांड खोल आणि सैल ठेवावी. वजन टाचांत उतरू द्यावे, पण टाच मारू नये. लगामातून तोंडाशी हलकासा संबंध राखावा. हात तिच्या मानेबरोबर पुढेमागे जावेत. आणि नजर त्या वस्तूवर न ठेवता जेथे जावयाचे आहे त्या वाटेवर ठेवावी.

वस्तूजवळून जाताना घोडीला प्रथम दुरून पाहू द्यावे. ती थांबली तर थांबू द्यावे, पण मागे फिरू देऊ नये. तिने श्वास सोडला की तिचे तोंड वस्तूच्या विरुद्ध दिशेला किंचित वळवून, बाजूने अंतर ठेवून पुढे न्यावे. त्या वस्तूपाशी सरळ तोंड करून टाचांनी ढकलीत नेण्याचा हट्ट पुष्कळ स्वार धरतात. त्यातूनच झटापटीला आरंभ होतो. एवढे करूनही ती उडालीच, तर तिच्याबरोबर जावे, एका लगामाने हलकेच मोठ्या वर्तुळात वळवावे, आणि पाय स्थिर पडू लागले की जणू काही घडलेच नाही अशा रीतीने आधीचे काम पुढे चालू ठेवावे. शिक्षा नको, आणि लाडही नको. परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेर जात आहे असे वाटले तर वेळीच खाली उतरून घोडीला हाताने पुढे न्यावे. यात कमीपणा काहीच नाही. झेनोफननेही हाच सल्ला दिला आहे. रोजचा पाठ मात्र तिला येते अशाच एखाद्या सोप्या गोष्टीवर संपवावा.

७. गप्प घोडा आणि शांत घोडा

येथे एका मोठ्या फसगतीविषयी सांगितले पाहिजे. घोड्याला खुंट्याला आवळून बांधायचे आणि तो झटापट करून थकेपर्यंत त्याच्या अंगावर पोती व कागद आपटीत राहायचे, ही रीत अनेक देशांत चालत आली आहे. काही वेळाने घोडा उभा राहतो आणि मालक म्हणतो, 'शिकला.' पण मानसशास्त्र या अवस्थेला शिकलेली असहायता म्हणते. काहीही केले तरी सुटका नाही, हे कळल्यामुळे त्याने प्रयत्न सोडलेला असतो. अशा घोड्याचे डोळे थिजलेले असतात, कान हलत नाहीत, तोंड आवळलेले असते. तो गप्प असतो, शांत नसतो. असा घोडा वर्षभर निमूट राहून एखाद्या दिवशी कसलीही पूर्वसूचना न देता उधळतो, कारण सूचना देणेच त्याला बंद करावयास लावलेले असते.

शांत घोड्याच्या खुणा वेगळ्या. त्याचे कान इकडेतिकडे फिरत असतात, एक कान मधूनमधून स्वाराकडे वळतो. मान सैल व खाली असते, डोळ्यांची उघडझाप होते, नाकातून फुरफुर करून तो श्वास सोडतो, शेपटी चालीबरोबर डुलते. वरातीत कानठळ्या बसविणाऱ्या बँडपुढे उभ्या असलेल्या घोडीकडे पुढच्या खेपेस जरा निरखून पाहावे. ती गप्प आहे की शांत, हे आता वाचकाला ओळखता येईल.

आणि शेवटी संवेदनशीलतेविषयी. जो घोडा कागदाच्या फडफडीने दचकतो, तोच घोडा स्वाराच्या बोटाचा इशाराही ओळखतो. दोन्हींचे मूळ एकच. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतरचे अश्वारोहणातील ते भारताचे पहिले सुवर्णपदक होते, आणि त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला ही तरुणीही होती. या प्रकारात घोडा प्रेक्षकाला न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर पावले टाकतो. बोथट कातडीचा, मार खाऊन निबर झालेला घोडा हे करू शकत नाही. बुजरेपणा मारून काढू पाहणारा माणूस त्याबरोबर हा गुणही मारून टाकतो.

बुजऱ्या घोड्याची प्रगती मोजावयाची तर तो किती वेळा बुजला हे मोजू नये. बुजल्यानंतर किती वेळात त्याचा एक कान पुन्हा स्वाराकडे वळला, हे एका वहीत रोज लिहून ठेवावे. आरंभी पाच मिनिटे लागतात, मग एक, मग चार पावले. घोडा आहे तोवर तो अधूनमधून दचकणारच. पण दचकल्यावर पळण्याऐवजी पाठीवरच्या माणसाला 'आता काय?' असे विचारू लागला, म्हणजे विश्वास जडला असे समजावे.